पाण्याच्या घड्याळावर चौदा दिवस

मैत्रिणींनो, मुलांच्या ॲटलासमध्ये कॅनडाचा पश्चिम किनारा कधी निरखून पाहिला आहे का? नसेल तर आज संध्याकाळी जरूर पाहा. उंदराने कागद कुरतडावा तशी त्या किनाऱ्याची कड दिसते. ब्रिटिश कोलंबिया नावाच्या त्या प्रांताचा किनारा नाकासमोर मोजला तर हजारेक किलोमीटर भरेल. पण आत घुसलेल्या खाड्या आणि हजारो बेटांच्या कडा धरून मोजला, तर तो २५,००० किलोमीटरांच्याही पुढे जातो! डोंगर थेट समुद्रात उतरलेले, त्यांवर देवदाराच्या जातीची दाट झाडं, आणि दोन डोंगरांच्या मधे निमुळतं, काळंशार पाणी. रस्ता असा नाहीच. व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेला काठाकाठाने जाणारा हायवे १०१ दोन ठिकाणी फेरीबोटीत बसून कसाबसा पुढे सरकतो आणि एका टुमदार गावाच्या धक्क्याशी चक्क संपतो. त्यापुढे जायचं तर बोटीने, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने.

माझी थोरली बहीण गेली बावीस वर्षं व्हँकुव्हरला असते. तिची आणि भावजींची स्वतःची बोट आहे. 'स्वतःची बोट' म्हटल्यावर सिनेमातली पांढरीशुभ्र, पार्ट्या चाललेली बोट डोळ्यांसमोर आणू नका! ही बत्तीस फुटांची, डिझेल इंजिनाची, मध्यमवयीन आणि मध्यमवर्गीय बोट. गेल्या जुलैत ताई, भावजी, मी, आमचे हे आणि आमची नऊ वर्षांची लेक अशा पाच जणांनी तिच्यातून चौदा दिवसांचा प्रवास केला. व्हँकुव्हरहून निघून उत्तरेला अलर्ट बे नावाच्या गावापर्यंत गेलो आणि परत आलो.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी सवयीने विचारलं, "ताई, उद्या किती वाजता निघायचं?"

ताई म्हणाली, "पाण्याला विचारते." आणि तिने कपाटातून एक पुस्तक काढलं.

ते पुस्तक म्हणजे भरती-ओहोटीचं पंचांग. तिथलं सरकारी खातं ते दर वर्षी काढतं. माझं माहेर कोकणातलं, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचं भांग मला नवं नव्हतं. पण तिथला प्रकार वेगळा आहे. सुमारे साडेचारशे किलोमीटर लांबीचं व्हँकुव्हर बेट मुख्य भूमीच्या पुढ्यात आडव्या पाटासारखं पडलेलं आहे. महासागराची भरती त्याच्या दक्षिण टोकाकडूनही आत शिरते आणि उत्तर टोकाकडूनही. मधल्या बेटांच्या फटींमध्ये मग गंमत होते. फटीच्या एका बाजूला पाणी चढलेलं, दुसऱ्या बाजूला उतरलेलं. ते समपातळीत येण्यासाठी इतक्या जोराने धावतं, की समुद्रात नदी वाहते आहे असं वाटावं. भोवरे फिरतात, पाणी खालून उकळी फुटल्यासारखं वर येतं. सहा-साडेसहा तासांनी ही नदी थांबते आणि उलटी वाहू लागते. या दोन्हींच्या मधे थोडी मिनिटं पाणी स्तब्ध होतं. लहान बोटींनी जायचं ते त्या मिनिटांत!

आमची बोट ताशी ८ नॉट चाले, म्हणजे साधारण १५ किलोमीटर. आणि सिमूर नॅरोज नावाच्या अरुंद सामुद्रधुनीत पाणी भर वेगात १५ नॉटपर्यंत धावतं, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटर. आता तुम्हीच हिशेब करा! पाण्याशी भांडून उपयोग नाही, त्याची वेळ साधायची एवढंच आपल्या हाती. आणि ही वेळ भरतीच्या तक्त्यावरून नुसती अंदाजाने काढून चालत नाही. पाणी चढण्याचा तक्ता वेगळा, प्रवाह थांबण्याचा वेगळा. दोन्ही वाचायला ताईने मला दुसऱ्याच दिवशी शिकवलं.

या सिमूर नॅरोजची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. तिथे पाण्याखाली दोन सुळक्यांचा एक खडक होता, रिपल रॉक. ओहोटीला त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम नऊ फुटांवर येई. त्याच्यापायी कित्येक जहाजं फुटली, शंभराहून अधिक माणसं गेली. पाण्याच्या ओढीमुळे वरून त्याला भोकं पाडणं जमेना. शेवटी जवळच्या बेटावरून खाली, समुद्राच्या तळाखालून बोगदे खणत माणसं थेट खडकाच्या पोटात शिरली, तिथे १,३०० टनांहून जास्त स्फोटकं भरली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी तो खडक उडवून दिला. कॅनडात घरोघरी लोकांनी तो स्फोट टेलिव्हिजनवर पाहिला. परतीच्या वाटेवर आम्ही तिथून गेलो, तेव्हा पाणी तळ्यासारखं शांत होतं. खडक गेला, पण प्रवाह तसाच आहे. वेळ तिथे आजही पाळावीच लागते.

आता बोटीतल्या संसाराबद्दल, कारण तुम्हाला तेच आधी हवं असेल! स्वयंपाकघर म्हणजे दोन पावलांचा ओटा. गॅसच्या शेगडीला भांडी सरकू नयेत म्हणून लोखंडी कडी. तिथे मला पटलं, की बोटीवरचं सर्वांत शहाणं भांडं म्हणजे आपला प्रेशर कुकर. झाकण घट्ट, हिंदकळलं तरी सांडत नाही, गॅस कमी लागतो आणि पाणीही कमी. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, थालीपिठाची भाजणी, लसणीची सुकी चटणी यांवर आमचे चौदा दिवस छान गेले. पोळ्यांचा हट्ट ताईने पहिल्याच दिवशी मोडून काढला. "पीठ उधळेल आणि तू भाजशील," म्हणाली.

गोडं पाणी टाकीत ४०० लिटर. पाच माणसांना ते पाच-सहा दिवस पुरवायचं. त्यासाठी ताईची पद्धत अशी : जेवल्यावर ताटं आधी कागदाने पुसायची, मग बादलीने काढलेल्या समुद्राच्या पाण्यात धुवायची आणि शेवटचा हात फक्त गोड्या पाण्याचा. मात्र बंदरात किंवा वस्तीजवळ समुद्राचं पाणी भांड्यांना लावायचं नाही. नळाला दोनच तास पाणी येण्याच्या दिवसांत काढलेला संसार तिथे कामी आला. पाणी कसं पुरवायचं हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही!

चौथ्या दिवशी डेसोलेशन साउंडला पोचलो. १७९२ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर इथे आला, तेव्हा त्याला ही जागा इतकी उदास वाटली की त्याने नावच 'ओसाडीची खाडी' अशा अर्थाचं ठेवलं. आज त्याच जागी उन्हाळ्यात शेकडो बोटी येतात. १९७३ पासून ते सागरी उद्यान आहे. दोन्हीकडून आलेल्या भरत्या याच भागात भेटतात, त्यामुळे ओढ कमी आणि उन्हाळ्यात पाणी पोहण्याइतकं उबदार. काठ मात्र कडेलोटासारखे. म्हणून बोटीचं तोंड नांगराला आणि शेपूट दोराने किनाऱ्यावरच्या झाडाला बांधायचं. हे काम आमच्या ह्यांना आणि लेकीला मिळालं. छोटी होडी वल्हवत दोघं दोर घेऊन जात. भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक. रात्री समोर आडवा दिसणारा दोर सकाळी पाहावा तर तिरपा वर चढलेला, आणि कालचे पाण्यातले खडक कालवांसकट उघडे पडलेले.

कालवं पाहून माझ्यातली कोकणी माणूस जागी झाली. पण ताईने आधी सरकारी सूचना पाहिली. तो भाग बंद होता. उन्हाळ्यात पाण्यात एका जातीचे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचं विष शिंपल्या-कालवांत साठतं. ते उकळून किंवा तळून जात नाही. चवीला, वासाला कळत नाही, आणि माणसाचा श्वास थांबवू शकतं. तेव्हा 'चांगलं शिजवलं की झालं' हा आपला स्वयंपाकघरातला भरवसा तिथे कामाचा नाही, हे लक्षात ठेवा.

त्याच मुक्कामात ताईने मला एक पुस्तक वाचायला दिलं, 'द कर्व्ह ऑफ टाइम'. लेखिका म्यूरिएल वायली ब्लँशे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे पती गेले. पदरी पाच मुलं. पंचवीस फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद अशी एक बोट घरची होती, तिचं नाव 'कॅप्रीस'. या बाईने पुढची कित्येक वर्षं उन्हाळ्यात राहतं घर भाड्याने दिलं आणि मुलांना त्या बोटीत घालून याच खाड्यांतून महिनोन्‌महिने हिंडली. इंजिन बिघडलं की स्वतः दुरुस्त करी. हवामान बिनसलं की थांबे. तिचं हे पुस्तक १९६१ साली निघालं आणि त्याच वर्षी ती वारली. आज त्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बोटीत ते सापडतं. साडेसहा फूट रुंदी म्हणजे किती, हे मी आमच्या पलंगाशी ताडून पाहिलं आणि गप्प झाले!

वाचताना मनात आलं, या बाईजवळ ताकद कितीशी असणार? पण तिला माहिती होती. पाणी कधी वळतं, नांगर कुठे धरतो, इंजिनाचा आवाज कधी बदलला, हे तिला कळत होतं. त्या जोरावर तिने पाच लेकरं सुखरूप परत आणली.

ताईनेही बहुधा यातूनच एक नियम केला आहे : तिच्या बोटीवर कोणी नुसता प्रवासी नसतो. पाहुणा असो, मूल असो, पाच गोष्टी यायलाच हव्यात. इंजिन सुरू करणं आणि बंद करणं. बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवणं. रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर बोटीचं नाव आणि जागा सांगणं. लाइफ जॅकेट न सांगता घालणं. आणि कोणी पाण्यात पडलं, तर नजर न हलवता त्या माणसाकडे हाताने दाखवत राहणं. या शेवटच्या कामावर आमच्या लेकीची नेमणूक झाली. "बोटीवरून बोट दाखवायचं," असं म्हणत ती दिवसभर सराव करी.

मी आधी थोडी कुरकुरले. म्हटलं, "ताई, मी खिचडी करीन, भांडी घासीन. सुकाणू तुम्हा दोघांचं."

ती म्हणाली, "आणि आम्हा दोघांना काही झालं तर? खिचडी बोट काठाला लावणार का?"

डेसोलेशन साउंडच्या पुढे युकल्टा आणि डेंट अशा धावत्या पाण्याच्या जागा एकामागोमाग येतात. डेंटच्या भोवऱ्याला तर 'सैतानाचं भोक' म्हणतात. रेल्वे फाटकापाशी गाड्या थांबाव्यात तशा आम्ही सात-आठ बोटी अलीकडे तासभर घिरट्या घालत होतो. पाणी निवलं आणि रांगेने सगळ्या पार झाल्या. नवव्या दिवसाची सकाळ मात्र वेगळी उगवली.

जॉन्स्टन स्ट्रेट हा तिथला लांब, सरळ, दोन्हीकडे डोंगर असलेला पाण्याचा बोळ. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा त्यातून धमनीतून फुंकल्यासारखा येतो. ओहोटीचं पाणी नेमकं त्याच्यासमोर धावतं. वारा आणि पाणी असे समोरासमोर भिडले, की लाटा उंच, आखूड आणि उभ्या होतात. म्हणून सगळे पहाटे निघतात. आम्हीही सहाला निघालो. अंदाज दुपारच्या वाऱ्याचा होता. वारा सकाळी सातलाच आला.

अर्ध्या तासात समोरचं करडं पाणी पांढरं झालं. बोट लाटेवर चढून धाडकन खाली आपटे. कपाटातले डबे आतून दारावर थापा मारत होते. आमचे हे बादली धरून बसले. पुढच्या बाजूची एक दोरी सुटून पाण्यात लोंबू लागली. ती पंख्यात गुंतली तर इंजिन बंद पडणार. भावजी कमरेला पट्टा अडकवून बाहेर गेले, दोरी आत घेतली, आणि परतताना घसरून खांद्यावर पडले. आत आले तेव्हा चेहरा पांढरा आणि उजवा हात लुळा.

सुकाणू ताईकडेच होतं. ती एकदाच म्हणाली, "इकडे ये. हे धर. तोंड त्या पांढऱ्या दगडाकडे. लाट आली की घाबरून वळवू नकोस." आणि ती भावजींचा हात गळ्यात बांधायला गेली.

दहा मिनिटं असतील. माझ्या हातात ते चाक होतं. तिथे लाकूडतोडीतून निसटलेले ओंडके पाण्यात तरंगत असतात, काही तर उभे, फक्त माथा वर. ते चुकवायचे, लाट पाहायची, दगड पाहायचा. भीती वाटली नाही असं सांगणार नाही. पण एक सांगते, काय करायचं ते ठाऊक असलं की भीतीला हातात काम मिळतं. मागे ताईचा आवाज ऐकू येत होता : रेडिओवर कोस्ट गार्डला बोटीचं नाव, जागा, पाच माणसं, एक जखमी, पोर्ट नेव्हिलकडे निघालो आहोत. लेक लाइफ जॅकेट घालून बाकावर बसली होती आणि 'डावीकडे ओंडका' असं ओरडत होती. तिने तीन दाखवले. त्यांतला एक मला खरंच दिसला नव्हता.

एरवी तासाभराचं ते अंतर आम्हाला अडीच तास लागलं. पोर्ट नेव्हिल हे आत वळलेलं शांत पाणी, तिथे एक जुना धक्का. ताईने बोट लावली, आधी येऊन थांबलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने आमचे दोर झेलले. इंजिन बंद झाल्यावर पहिली गोष्ट मी काय केली असेल? आल्याचा चहा टाकला. आणि तो ओतताना माझे हात थरथरू लागले, तोवर नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आरशासारख्या पाण्यातून अलर्ट बेला पोचलो. तिथल्या दवाखान्यात भावजींचा खांदा बघितला. हाड शाबूत होतं, मुका मार होता. हे गाव क्वाक्वाकावाक्व लोकांचं. त्यांच्यात पॉटलॅच नावाचा समारंभ असतो. लग्न, बारसं, मृत्यू अशा प्रसंगी यजमान जमलेल्यांना भेटी वाटतो. ज्याने जास्त दिलं त्याचा मान मोठा. कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ अशी सहासष्ट वर्षं या समारंभावर कायद्याने बंदी घातली होती. १९२१ च्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर लोकांना पकडलं, स्त्रियांनाही तुरुंगात घातलं, आणि मुखवटे जप्त करून वस्तुसंग्रहालयांत पाठवले. पिढ्यान्‌पिढ्या मागणी करून त्यांनी ते परत मिळवले आणि १९८० साली त्यांच्यासाठी उमिस्ता हे केंद्र उघडलं. त्याच्या शेजारी मोकळी जागा आहे. आईबापांपासून तोडून आणलेल्या मुलांची वसतिशाळा तिथे १९२९ साली बांधली होती. गावकऱ्यांच्या साक्षीने २०१५ साली ती पाडली. मी स्वतः शाळेत शिकवते. तिथे मला फार वेळ उभं राहवलं नाही.

आणखी एक लक्षात आलं. ब्लँशेबाई आणि तिची मुलं याच लोकांच्या उन्हाळ्यात रिकाम्या असलेल्या गावांतून मोकळेपणी फिरली होती. आता तसं चालत नाही, आणि चालू नयेच. अशा जागी उतरण्याआधी त्या लोकांची परवानगी घ्यायची. घरात माणूस नसला तरी घर कोणाचं तरी असतंच ना?

तुमच्यापैकी कोणाची बहीण, लेक किंवा सून त्या बाजूला असेल आणि असा योग येत असेल, तर चार सूचना :

जुलै महिना उत्तम. ऑगस्टमध्ये सकाळी धुकं फार. उन्हाळा असला तरी लोकरीचे कपडे आणि पावसाळी कोट हवेतच. सुती कपडा भिजला की वाळत नाही. उबदार खाड्या सोडल्या तर पाणी बर्फासारखं. तिथे शिकवतात, की पडणाऱ्याला श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय चालवायला दहा मिनिटं आणि शुद्ध राहायला साधारण एक तास मिळतो. म्हणून लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगात हवं. तिथे राहणाऱ्याला मोटरबोट चालवायला परीक्षा देऊन कार्ड काढावं लागतं. कार्ड आहे का, हे विचारायला संकोच करू नका. देवमासे दिसले तर कायद्याने ठरवलेल्या अंतरावरूनच पाहा. आणि दिवसांचं गणित सैल ठेवा. चौदा दिवसांतले आमचे तीन दिवस नुसते वाट पाहण्यात गेले, आणि ते अजिबात वाया गेले नाहीत.

बोट आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येईल, हे मला ठाऊक आहे. पण ताईचे पाच नियम घरालाही लागू पडतात. गॅसचा आणि विजेचा मुख्य खटका कुठे आहे? विम्याचे, बँकेचे कागद कोणत्या कपाटात आहेत? रात्री दोनला फोन करायचा तर पहिला कोणाला? परत आल्यावर मी एका रविवारी ह्यांना समोर बसवलं, वही घेतली आणि हे सगळं लिहून काढलं. लेकीलाही दाखवलं. तुम्हीही वही काढा. समुद्र शांत असताना हे काम तासाभराचं आहे.